दुसऱ्या राजधानीचा प्रश्न

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या या व्यासपीठावरून शाळेच्या गौरवाविषयी बरेच बोलले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता शाळेपासून दूरचा वाटेल : देशाची राजधानी कोठे असावी, ती हलवावी काय, आणि हलवल्याने प्रांताप्रांतांतील चढाओढ शमते की वाढते. तरीही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत हा विषय परका ठरू नये. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांपैकी काही मराठेशाहीतील सरदारांच्या मागोमाग गेल्या, काही व्यापाराच्या निमित्ताने गेल्या; पण विसाव्या शतकातल्या कितीतरी वस्त्या सरकारी कचेऱ्या, रेल्वे, टपाल आणि लष्करी खात्यांतील नोकऱ्यांमुळे वसल्या. सरकार जिकडे गेले तिकडे कारकून गेला, कारकुनामागून त्याचे बिऱ्हाड गेले, आणि बिऱ्हाड स्थिरावल्यावर मुलांनी कोणत्या भाषेत शिकावे हा प्रश्न उभा राहिला. अशा प्रश्नांतून कित्येक शाळा जन्माला आल्या. म्हणून राजधानीची गोष्ट ही त्या बिऱ्हाडांचीही गोष्ट आहे.

राजधानी हलवण्याचा विषय निघाला की मराठी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘तुघलकी’. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला, राजधानी नेली. त्या स्थलांतराच्या ज्या कथा शाळेत ऐकायला मिळतात, त्यांतील दिल्ली ओसाड पडल्याची आणि आंधळ्याला फरफटत नेल्याची कथा इब्न बतूता या प्रवाशाने सांगितली आहे. तो दिल्लीत पोहोचला तो या घटनेनंतर काही वर्षांनी. आजचे बहुतेक इतिहासकार असे मानतात की, सगळी दिल्ली रिकामी झाली नव्हती. हलवले गेले ते मुख्यतः सरदार, अधिकारी, उलेमा, सूफी आणि सधन लोक. खुलदाबादच्या दर्ग्यात विसावलेले बुऱ्हाणुद्दीन गरीब हे त्याच लोंढ्यातून दक्षिणेत आले.

सुलतानाचा हिशेब मुळात मूर्खपणाचा नव्हता. साम्राज्य दक्षिणेत पसरले होते आणि दिल्ली एका टोकाला राहिली होती. दौलताबाद गुजरात, बंगाल, तेलंगण आणि दक्षिण किनारा या सर्वांपासून साधारण सारख्या अंतरावर आहे, हे कारण त्या काळचा इतिहासकार बरनी स्पष्ट नोंदवतो. चूक होती ती हे अंतर फक्त नकाशावर मोजण्यात. जे जाणार होते त्यांना कोणी विचारले नाही. ज्यांच्या भूमीवर ही राजधानी येऊन बसणार होती त्यांनाही विचारले नाही. काही वर्षांतच सुलतानाला दरबार परत न्यावा लागला. दौलताबादेत राहून गेलेल्या अमिरांनी बंड केले आणि १३४७ मध्ये त्यातून बहमनी राज्य उभे राहिले. दख्खन जवळ आणण्यासाठी जी राजधानी हलवली, तिच्याच मागे राहिलेल्या माणसांनी दख्खन दिल्लीपासून तोडली. त्यांनी सोबत आणलेली बोली मात्र या मातीत रुजली आणि तिच्यातून दखनी भाषा आकाराला आली. राजधानी परत गेली, भाषा राहिली.

या घटनेनंतर सुमारे सहाशे वर्षांनी दिल्लीच्या वाट्याला उलटा प्रवास आला. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सम्राट पंचम जॉर्ज यांनी हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याची घोषणा केली. निर्णय इतका गुप्त ठेवला होता की, दरबाराला जमलेल्या संस्थानिकांना आणि अधिकाऱ्यांनाही तो तेथेच समजला. त्याची कारणमीमांसा व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या सरकारने २५ ऑगस्ट १९११ च्या खलित्यात आधीच लंडनला कळवली होती. कलकत्ता देशाच्या एका कोपऱ्यात आहे, हे एक कारण. हिंदुस्थान सरकार आणि बंगालचे प्रांतिक सरकार एकाच शहरात राहिल्याने केंद्राच्या निर्णयांवर एका प्रांताचा अवाजवी प्रभाव पडतो, हे दुसरे. तिसरे कारण राजकारणाचे होते. बंगालची फाळणी रद्द करून बंगाली जनतेला शांत करायचे, तर फाळणीने सुखावलेल्या मुसलमान समाजापुढे काही ठेवणे आवश्यक होते. दिल्लीला लाभलेले बादशाही वैभवाचे वलय त्यासाठी उपयोगी पडणार होते. एका प्रांताला दिले आणि एका प्रांताकडून घेतले, असा तो जमाखर्च होता.

कलकत्त्यातील युरोपीय व्यापारी आणि तेथील इंग्रजी वृत्तपत्रे संतापली. फाळणीचे जनक लॉर्ड कर्झन यांनी लंडनच्या उमरावांच्या सभागृहात या निर्णयावर कडाडून टीका केली. दिल्लीत गेलेले सरकार लोकमतापासून तुटेल, असाही त्यांचा आक्षेप होता. स्थलांतराचा खर्च चाळीस लाख पौंड येईल असा अंदाज सांगितला गेला होता. प्रत्यक्ष आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेला. सम्राटांनी दरबाराच्या छावणीजवळ बसवलेले पायाचे दगडसुद्धा पुढे उचलून रायसिन्याच्या टेकडीकडे न्यावे लागले, कारण शहराची जागाच बदलली. पहिले महायुद्ध आड आले. ल्युटेन्स आणि बेकर यांनी आखलेल्या नव्या दिल्लीचे औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले, म्हणजे घोषणेनंतर १९ वर्षांनी. त्या राजधानीतून ब्रिटिशांनी पुढे जेमतेम १६ वर्षे राज्य केले.

या साऱ्या उलाढालीत इतिहासग्रंथांनी ज्याच्याकडे फारसे पाहिले नाही तो माणूस म्हणजे सचिवालयातील कारकून. कलकत्त्यातील बंगाली कर्मचाऱ्यांना दिल्लीला यावे लागले. उन्हाळ्यात सरकार सिमल्याला जाई. १८६४ पासून ती अधिकृत वहिवाट होती. फायलींच्या पेट्या, टंकयंत्रे, साहेब, बाबू आणि त्यांचे संसार अशी सगळी मिरवणूक वर्षातून दोनदा डोंगर चढे आणि उतरे. १९०३ मध्ये कालका–सिमला रेल्वे सुरू झाल्यावर ती वाट थोडी सोपी झाली, एवढेच. पुढे केंद्र सरकारची खाती वाढली तसे मद्रास इलाख्यातील आणि मुंबई इलाख्यातील लोकही दिल्लीत आले. १९२० च्या दशकात बंगाली, तमिळ आणि मराठी मंडळींनी दिल्लीत आपापल्या मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. राजधानी हलवण्याच्या हुकमात या शाळांचा उल्लेख कोठेही नव्हता. त्या लोकांनी आपल्या पदरच्या पैशांतून काढल्या.

स्वातंत्र्यानंतर सिमल्याची वहिवाट संपली आणि दिल्ली ही एकच राजधानी राहिली. तेव्हा एका मराठी विद्वानाने असा प्रश्न विचारला, जो आजही पुरता सुटलेला नाही. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये सादर झाला होता. त्यावर भाष्य करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वर्षाच्या अखेरीस भाषिक राज्यांविषयीचे आपले विचार पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यात एक लहानसे प्रकरण दुसऱ्या राजधानीवर आहे. महाराष्ट्रात त्या पुस्तकाची चर्चा झाली ती मुंबईच्या प्रश्नाच्या अंगाने. हे प्रकरण बाजूला पडले. ते पुन्हा उघडून पाहण्यासारखे आहे.

आंबेडकरांची मांडणी थोडक्यात अशी. मुघलांना दिल्ली आणि श्रीनगर अशा दोन राजधान्या होत्या, इंग्रजांना आधी कलकत्ता आणि सिमला, नंतर दिल्ली आणि सिमला. स्वतंत्र भारताने एकच राजधानी ठेवली. पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. दक्षिणेतील लोकांना दिल्ली दोन कारणांनी जाचते : अंतर आणि थंडी. उत्तरेकडच्या माणसालाही दिल्लीचा उन्हाळा सोसवत नाही, परंतु तो तक्रार करीत नाही. घर जवळ आहे आणि सत्ताही जवळ आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दक्षिणेच्या मनात आपल्यावर उत्तर भारत राज्य करीत आहे ही भावना घर करते. शिवाय दिल्ली सीमेच्या जवळ आहे आणि शेजारी देशांच्या विमानांच्या टप्प्यात आहे; युद्धाच्या वेळी सरकारला दुसरीकडे जावे लागले तर जागा कोणती? कलकत्ता आणि मुंबई यांचा विचार करून त्यांनी संरक्षणाच्याच कारणासाठी ती दोन्ही शहरे बाजूला ठेवली आणि हैदराबाद सुचवले. हैदराबाद, सिकंदराबाद आणि बोलारम यांचा मिळून केंद्राच्या अखत्यारीतील प्रदेश करावा, आणि तेथे भारताची दुसरी राजधानी असावी. ते शहर सर्व राज्यांपासून साधारण सारख्या अंतरावर आहे आणि तेथे सरकारला पुरतील अशा भव्य इमारती उभ्या आहेत. उणीव आहे ती संसद भवनाची, आणि ते बांधणे अवघड नाही.

हे वाचताना बरनीच्या नोंदीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथेही सारखे अंतर, येथेही सारखे अंतर. दोघांतला फरक मात्र मूलभूत आहे. तुघलकाने राजधानी उचलून नेली. आंबेडकर दिल्लीचे काही काढून घेत नव्हते. दक्षिणेला सत्तेत जागा देत होते. पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात वाटणी.

त्या पुस्तकातील या सूचनेचा संबंध त्यांच्या दुसऱ्या एका चिंतेशी होता. आयोगाने उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश अशी मोठी राज्ये उत्तरेत कायम ठेवली आणि दक्षिणेत भाषेनुसार लहान राज्ये केली. याने उत्तर एकवटते आणि दक्षिणेचे तुकडे पडतात, असे आंबेडकरांना वाटले. आयोगाचे एक सदस्य सरदार के. एम. पणिक्कर यांनीही उत्तर प्रदेशाच्या अवाढव्य आकाराविरुद्ध स्वतंत्र टिपण जोडले होते. घटना तयार होत असताना राजगोपालाचारींनी आपल्याला उत्तरेचे आणि दक्षिणेचे वेगळे संघ करण्याविषयी बजावले होते, असे आंबेडकर नमूद करतात. त्या टोकाला ते स्वतः गेले नाहीत. त्यांनी सुचवलेला उपाय असा होता की, उत्तर प्रदेशाची तीन राज्ये करावीत, बिहारची दोन, मध्य प्रदेशाची दोन. आणि केंद्र सरकारने दक्षिणेत जाऊन बसावे. बिहारमधील दुसऱ्या राज्यासाठी त्यांनी रांची हे ठिकाण सांगितले होते. २००० मध्ये झारखंड राज्य झाले तेव्हा त्याची राजधानी रांचीच झाली, ही गोष्ट त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष म्हणून पुरेशी आहे.

हैदराबादची सूचना मात्र मागे पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे राज्य तीन भाषांच्या राज्यांत वाटले गेले : मराठवाडा मुंबई राज्यात आला, कन्नड जिल्हे म्हैसूरला गेले आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. शहर एका राज्याचे झाले की ते सर्वांचे राहणे कठीण असते. दहा वर्षेही लोटली नाहीत तोच, २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही एकमेव राजभाषा होण्याची वेळ आली आणि मद्रास राज्य पेटले. विद्यार्थी रस्त्यावर आले, अनेकांचे जीव गेले. शेवटी अहिंदी राज्यांना हवे तोवर इंग्रजीही चालू राहील, या पंडित नेहरूंच्या आश्वासनाला १९६७ मध्ये कायद्याचे रूप द्यावे लागले. आंबेडकरांनी ज्या भावनेचा इशारा दिला होता ती भावना अशा रीतीने भाषेच्या वाटेने बाहेर आली. दुसरी राजधानी असती तर हे टळलेच असते, असे म्हणण्याला पुरावा नाही. पण दुरावा होता, तो वेळीच ओळखला गेला होता आणि त्यावर एक सौम्य उपायही सुचवला गेला होता, एवढे निश्चित.

त्या सूचनेची एक पुसट खूण आजही शिल्लक आहे. सिकंदराबादेजवळ बोलारम येथे राष्ट्रपती निलयम नावाची वास्तू आहे. ती पूर्वी ब्रिटिश रेसिडेंटची कोठी होती. राष्ट्रपती वर्षातून काही दिवस तेथे मुक्कामास येण्याचा प्रघात आहे. आंबेडकरांनी जी तीन नावे घेतली त्यांतलेच हे बोलारम. संसद आली नाही. राष्ट्रपतींचा मुक्काम तेवढा आला.

मुक्कामाने काम भागते का, याचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे आणि तो येथे सांगणे अप्रस्तुत नाही. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होती. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरचे राजधानीपण गेले. हे घडणार हे ओळखून २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील नेत्यांनी नागपूर करार केला होता. सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात राहावे, विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरावे, उच्च न्यायालयाचे पीठ तेथे असावे, आणि नोकऱ्या व विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावा, असे त्याचे सार होते. पीठ आहे. हिवाळी अधिवेशन १९६० पासून, क्वचित खंड सोडता, भरते. मुंबईहून फायली येतात, मंत्री येतात, मोर्चे निघतात आणि दोनेक आठवड्यांत सारे परत जाते.

पैशाच्या वाट्याचे काय झाले, याचे उत्तर १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने आकड्यांत दिले. राज्याच्या सरासरीशी तुलना करून समितीने मागे पडलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष मोजला. तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये भरला. त्यात सर्वांत मोठा वाटा, शेकडा ३९ च्या आसपास, विदर्भाचा होता. मराठी भाषेत ‘अनुशेष’ हा शब्द त्यानंतर घरोघरी पोहोचला. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, या वादात भाषा आड येत नव्हती. मुंबई आणि नागपूर दोन्हीकडे मराठीच. तरीही दुरावा होता, कारण अधिवेशनाचा मान आला आणि निधीचा वाटा मागे राहिला. उत्तर-दक्षिण वादात सगळा दोष भाषेला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याच्या उलट, राजधानी हलवताना मान आणि वाटा या दोन्हींचा विचार एकाच वेळी झाल्याचे उदाहरण जर्मनीत सापडते. १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाल्या. बर्लिन ही राजधानी ठरली होती, पण संसद आणि सरकार ऱ्हाइन नदीकाठच्या बॉन शहरातच राहावे की बर्लिनला जावे, हा प्रश्न उरला. २० जून १९९१ रोजी बॉनच्या संसदेत सुमारे १२ तास चर्चा झाली आणि शंभराहून अधिक सदस्य बोलले. पक्षादेश कोणावर नव्हता. एकाच पक्षाचे सदस्य दोन्ही बाजूंना उभे राहिले. बर्लिनच्या बाजूने ३३८ मते पडली, बॉनच्या बाजूने ३२०. अवघ्या १८ मतांनी राजधानीचा निकाल लागला.

एवढ्या कमी फरकाने हरलेल्या प्रदेशात कटुता राहणे स्वाभाविक होते. पण मूळ ठरावातच दोन शहरांमध्ये कामाची न्याय्य विभागणी करण्याचे वचन होते. १९९४ च्या कायद्याने संरक्षण, शेती, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण आणि विकास-सहकार्य या सहा मंत्रालयांचे मुख्य ठाणे बॉनला राहिले. बॉन परिसराला नवे उद्योग, संशोधनसंस्था आणि विद्याशाखा उभारण्यासाठी सुमारे २८१ कोटी मार्क भरपाई मिळाली. संयुक्त राष्ट्रांची काही कार्यालये तेथे आली. त्या देशाचे घटनात्मक न्यायालय आधीपासून कार्ल्सरूहला आणि मध्यवर्ती बँक फ्रँकफुर्टला होतीच. संसद १९९९ मध्ये बर्लिनला गेली. दोन शहरांमधल्या अधिकाऱ्यांच्या येरझाऱ्यांवर होणाऱ्या खर्चाविषयी तेथे आजही कुरकुर चालते, आणि ती खोटी नाही. तरी बॉन ओसाड पडले नाही आणि ऱ्हाइनकाठच्या माणसाला आपल्याला फसवले असे वाटले नाही. कुरकुरीची किंमत देऊन त्या देशाने दुही टाळली.

भारतातही वाटणीची ही पद्धत अगदीच अनोळखी नाही. रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालय १९३५ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि १९३७ मध्ये मुंबईला आले. ते दिल्लीला नेण्याची गरज स्वातंत्र्यानंतर कोणाला भासली नाही. अवकाश संशोधनाचे मुख्यालय बेंगळुरूला आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कोलकात्याला, भारतीय सर्वेक्षण विभागाचे डेहराडूनला, भारतीय खाण ब्यूरोचे नागपूरला. यांपैकी कोणतीही संस्था दिल्लीपासून दूर असल्याने दुबळी झाली, असे म्हणता येणार नाही.

जेथे अंतर अजून माणसाला थेट बोचते ते ठिकाण म्हणजे सर्वोच्च न्यायालय. घटनेच्या १३० व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालय दिल्लीत, अथवा राष्ट्रपतींच्या संमतीने सरन्यायाधीश ठरवतील त्या अन्य ठिकाणी, बसू शकते. विधी आयोगाने २००९ मधील आपल्या २२९ व्या अहवालात घटनापीठ दिल्लीत ठेवून अपिलांसाठी दिल्ली, चेन्नई किंवा हैदराबाद, कोलकाता आणि मुंबई येथे चार पीठे स्थापावीत अशी शिफारस केली. ती अमलात आलेली नाही. न्यायालयाची एकात्मता विस्कटेल, ही विरोधकांची भीती आहे आणि तिलाही वजन आहे. परंतु तिरुवनंतपुरमहून सुमारे तीन हजार किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून दिल्लीला येणाऱ्या पक्षकाराला वकिलाचा, राहण्याचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च सोसावा लागतो. मेरठच्या पक्षकाराला तो खर्च नाही. कायद्यापुढे दोघे समान आहेत. कायद्याच्या दारापर्यंत पोहोचताना मात्र समान नाहीत. दूरदृश्य प्रणालीवरील सुनावण्यांनी हे अंतर बरेच कमी केले आहे, आणि पुढचा मार्ग कदाचित तोच असेल.

याहून मोठा प्रश्न दाराशी येऊन उभा आहे. लोकसभेतील राज्यांच्या जागा आज १९७१ च्या जनगणनेनुसार आहेत. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांवर अन्याय होऊ नये म्हणून १९७६ मध्ये त्या गोठवल्या गेल्या, आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. त्यानंतर जागांची फेरवाटणी नुसत्या लोकसंख्येवर झाली तर उत्तरेकडील राज्यांचा वाटा वाढेल आणि दक्षिणेचा घटेल. प्रत्येक मताचे मोल सारखे असावे, ही उत्तरेची मागणी न्याय्य आहे. धोरण पाळले म्हणून शिक्षा होऊ नये, ही दक्षिणेची मागणीही न्याय्य आहे. दोन्ही बाजूंना न्याय असतो तेव्हा नुसती बेरीज-वजाबाकी पुरत नाही. तेथे वाटाघाट लागते. ७० वर्षांपूर्वी आंबेडकरांनी उत्तर प्रदेशाच्या आकाराविषयी आणि दुसऱ्या राजधानीविषयी एकाच पुस्तकात लिहिले, ते याचसाठी. लोकसंख्येचे बळ एका बाजूला झुकणार असेल तर सत्तेची स्थाने, संस्था आणि सन्मान दुसऱ्या बाजूला सरकवून तोल साधावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

हैदराबाद आज तेलंगणाची राजधानी आहे आणि १९५५ चा आराखडा जसाच्या तसा उचलणे शक्य नाही, योग्यही नाही. पण त्यामागचा विचार घेता येतो. संसदेचे एखादे अधिवेशन दक्षिणेत किंवा ईशान्येत भरवता येते. नव्या राष्ट्रीय संस्थांना दिल्लीबाहेर जागा देता येते. मुख्य म्हणजे असा प्रत्येक निर्णय जाहीर होण्याआधी ज्यांच्यावर तो येऊन पडणार आहे त्यांना विचारता येते, आणि ज्यांचे काही जाणार आहे त्यांच्या पदरात दुसरे काही घालता येते. दौलताबादेत विचारणे झाले नाही. कलकत्त्यात ते दरबाराच्या थाटामाटात बुडाले. नागपुरात विचारणे झाले, करारही झाला, पण वाटा पुरता पोहोचला नाही. बॉनमध्ये दोन्ही झाले, म्हणून ते निभावले.

शेवटी पुन्हा त्या कारकुनाकडे वळायला हवे. सिमल्याच्या डोंगरावर पेट्या चढवणाऱ्या आणि दिल्लीच्या सरकारी वसाहतीत संध्याकाळी वर्गणी गोळा करणाऱ्या त्या माणसाला कोणत्याही राजधानीने आपण होऊन शाळा दिली नाही. तो मुंबईपासून दूर होता म्हणून महाराष्ट्राच्या कारभारात नव्हता, आणि जेथे राहत होता तेथल्या भाषेचा नव्हता म्हणून तेथल्या कारभारातही फारसा नव्हता. दोन्हीकडून दूर असणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्याने मुलांना घरची भाषा दिली आणि शेजाऱ्याची भाषाही शिकू दिली. अशा शाळांत वाढलेली मुले आज देशभर पसरली आहेत. त्यांच्यातील काही दिल्लीत बसून निर्णय घेतात, काही त्या निर्णयांची झळ सोसतात.

त्या माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवण्यासारखी अपेक्षा एवढीच. उद्या जागांच्या फेरवाटणीचा किंवा एखादी संस्था कोठे असावी याचा वाद रंगेल, तेव्हा घराघरांत, कचेऱ्यांत आणि चर्चांमध्ये ‘ते उत्तरेतले’, ‘ते दक्षिणेतले’ असे शब्द सहज येतील. त्या वेळी दूर राहणाऱ्याच्या बाजूने एक प्रश्न विचारणारा माणूस त्या खोलीत असावा : या माणसाला कोणी विचारले आहे का, आणि त्याच्या वाट्याला काय येणार आहे? महाराष्ट्राबाहेर मराठी शिकलेल्या माणसाने तो प्रश्न विचारला तर ऐकणाऱ्याला त्यात नवल वाटू नये. दूर राहून आपलेपण टिकवायला काय पडते, हे त्याच्या घरात तीन पिढ्यांनी अनुभवलेले आहे.

शाळेला हीरक महोत्सवाच्या शुभेच्छा.